आलाप, विलाप, प्रलाप : मेंदूच्या दुखापतीनंतरचा शोक आणि मराठी भाषा

जालना जिल्ह्यातील परतूर तालुक्यात सातोना हे गाव आहे. कवी व कादंबरीकार बी. रघुनाथ यांचा जन्म १९१३ साली ह्या गावी झाला. त्या काळी हा सर्व मुलूख निजामाच्या राज्यात होता. पुढे परतूर तालुका परभणी जिल्ह्यात राहिला आणि १ मे १९८१ रोजी नव्याने निर्माण झालेल्या जालना जिल्ह्यात गेला. बी. रघुनाथांचा ‘आलाप आणि विलाप’ हा काव्यसंग्रह १९४१ साली प्रसिद्ध झाला. त्यातील कवितांचे मूल्यमापन हा येथील विषय नव्हे. येथे विचारात घ्यावयाचे आहेत ते शीर्षकातील दोन शब्द, आणि शीर्षकात नसलेला त्यांचा तिसरा भाऊबंद, प्रलाप.

तिन्ही शब्द ‘लप्’ म्हणजे बोलणे ह्या एकाच धातूपासून झाले आहेत. आलाप म्हणजे दुसऱ्याला उद्देशून बोलणे. संगीतातील अर्थ त्यावरून पुढे आला. विलाप म्हणजे शोकाने बोलणे. प्रलाप म्हणजे असंबद्ध बोलणे; आयुर्वेदात तो ज्वराचे व वातविकाराचे लक्षण म्हणून सांगितला आहे. ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. आपल्या परंपरेने शोकाची कल्पना केली ती वाणीचा व्यापार म्हणून. शोक करणारा बोलतो, आणि ज्याच्याविषयी तो बोलतो तो ऐकण्याच्या पलीकडे गेलेला असतो. मेंदूच्या दुखापतीने ही सारी मांडणीच विस्कटते. अपघातात डोक्याला मार लागला, मेंदूत रक्तस्राव झाला किंवा मेंदूचा प्राणवायू काही मिनिटे तुटला, की पुष्कळदा माणूस जगतो. पण त्याची वाणी, स्मृती किंवा स्वभाव जातो. ज्याच्याविषयी विलाप करावयाचा तो समोर जेवावयास बसलेला असतो. ज्याने स्वतःच्या हानीबद्दल विलाप करावयाचा त्याला विलापाचे साधनच उरलेले नसते; आणि त्याने तो केलाच, तर ऐकणाऱ्याला तो प्रलाप वाटतो. ह्या दुहेरी शोकाकडे मराठी टीकेने फारसे लक्ष दिलेले नाही. मराठी भाषेने मात्र दिले आहे, असे तिचा नित्याचा व्यवहार पाहता म्हणावे लागते.

मराठवाड्याच्या खेड्यांत पक्षाघाताला ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणतात. नागर भाषेतील ‘अर्धांगवायू’ आणि हे ‘वारं’ एकाच वातकल्पनेची दोन रूपे होत. त्यांच्याच शेजारी ‘लकवा’ हा अरबीतून आलेला शब्द नांदतो. मुळात तो तोंड वाकडे होण्यापुरता होता. मराठीत त्याचा अर्थ विस्तारून साऱ्या अंगावर गेला. राज्यकारभाराची व शिक्षणाची भाषा दीर्घकाळ उर्दू असलेल्या प्रदेशात असे जोडशब्द असावेत ह्यात नवल नाही. नवल आहे ते क्रियापदाचे. वारं गेलं, वाचा गेली, शुद्ध गेली, आठवण गेली, डोळे गेले, आणि अखेरीस जीव गेला: सर्वत्र ‘जाणे’ हेच क्रियापद आहे. मृत्यू व दुखापत ह्यांमध्ये भाषेने भिंत घातलेली नाही. एकाच वाटेवरचे ते टप्पे मानले आहेत. शिवाय ह्या वाक्यांत माणूस कर्ता नाही. वाचा ही कर्ता आहे. ती गेली, आणि जिची गेली तो माणूस षष्ठीत मागे राहिला. आजकाल अनुवादित पुस्तिकांमधून ‘त्याने आपली स्मृती गमावली’ अशी वाक्ये दिसतात. त्यांत नकळत एक हलगर्जीपणाचा आरोप शिरतो. छत्री गमावतात, संधी गमावतात. स्मृती गमावली म्हणताच ती नीट सांभाळली नाही असा ध्वनी उमटतो. ‘आठवण गेली’ ह्या साध्या वाक्यात तो नाही.

गेलेले परत येण्याची सोयही ह्याच व्याकरणात आहे. शुद्ध येते, भान येते, वाचा फुटते. मात्र वैद्य ज्याला सुधारणा म्हणतो आणि घरचे लोक ज्याला बरे होणे म्हणतात, त्यांत अंतर आहे. घरच्यांचे माप एकच असते: ‘पहिल्यासारखा’. अमेरिकेत १८४८ साली फिनियस गेज ह्या रेल्वेच्या मुकादमाच्या डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, चालूबोलू लागला. परंतु त्याचे वैद्य हार्लो यांनी १८६८ साली जे निवेदन केले त्याप्रमाणे, ओळखीचे लोक हा आता पूर्वीचा गेज राहिला नाही असेच म्हणत. पुढे तो चिली देशात घोडागाडी हाकण्याचे काम काही वर्षे करीत होता, म्हणजे दंतकथेत रंगविला जातो तितका तो निकामी झालेला नव्हता, हा भाग बहुधा सांगितला जात नाही. परतुरात काय किंवा अमेरिकेत काय, तक्रारीचे स्वरूप एकच आहे. माणसाची तुलना दुसऱ्या माणसाशी न करता त्याच्याच मागील रूपाशी केली जाते, आणि त्या तुलनेत तो रोज हरतो.

ह्याहून सूक्ष्म साक्ष काळांच्या रूपांत सापडते. मृत माणसाविषयी बोलताना मराठी भाषक सरसकट ‘होता’ म्हणतो. मेंदूला इजा झालेल्या माणसाविषयी बोलताना वाक्य दुभंगते. ‘तो माझा धाकटा भाऊ आहे, फार हुशार होता, गावभर हिंडायचा, सगळ्यांना हसवायचा.’ नाते वर्तमानात राहते, गुण भूतकाळात जातात. ‘-आयचा’ हे रीतिभूताचे रूप येथे विशेष बोलके आहे. ‘हिंडला’ म्हटले असते तर एक घटना संपली असती. ‘हिंडायचा’ ह्याने एक सवय, म्हणजे एक स्वभाव, संपल्याचे कळते. एकाच उद्देश्याला एका दमात ‘आहे’ आणि ‘होता’ अशी दोन विधेये देणारे हे वाक्य शोकाचेच वाक्य आहे. फक्त त्यात शोकवाचक शब्द एकही नाही.

लिंगाचाही विचार करावा. मराठीत मायेने वा कीव येऊन बोलताना माणसाला नपुंसकलिंगात टाकण्याची रीत आहे: पोरगं, लेकरू, म्हातारं, बिचारं, येडं. कर्त्या मुलाच्या डोक्याला इजा झाली की आईच्या तोंडी ‘तो’ जाऊन ‘लेकरू’ येते. त्यात वात्सल्य आहे, ह्यात संशय नाही. पण तीस-पस्तीस वर्षांच्या पुरुषाचे पुरुषत्व त्या एका प्रत्ययाने काढून घेतले जाते, हेही तितकेच खरे. पत्नीची अवस्था निराळी. जुन्या वळणाची पत्नी नवऱ्याला ‘हे’ म्हणते, आणि त्याला स्वतःच्या हाताने घास घेता येईनासा झाला तरी ‘हे जेवले’ असेच म्हणते. आदरार्थी बहुवचन टिकून राहते आणि त्यामागचा अधिकार निघून गेलेला असतो. आईला व्याकरण बदलण्याची मुभा आहे, पत्नीला नाही. दोघींच्या शोकाचा हा भेद कोणत्याही प्रश्नावलीत उतरेल असे वाटत नाही.

समाजाच्या वागणुकीलाही शब्दांनीच सीमा घातली आहे. आजाऱ्याच्या समाचाराला जातात. मृताच्या घरी सांत्वनाला जातात. समाचार पंधरा दिवस, महिना चालतो, कारण त्याच्या पोटी बरे होण्याची अपेक्षा असते. सांत्वनाला दहावा-तेराव्याची मुदत आहे आणि वर्षश्राद्धाने त्याचा शेवट होतो. मेंदूच्या दुखापतीच्या घरी समाचार आटतो आणि सांत्वन सुरू होत नाही, कारण कोणी गेलेले नाही. परागंदा झालेल्या माणसासाठीदेखील धर्मशास्त्राने पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करण्याचा पालाशविधी सांगितला आहे. कायद्याने १८७२ च्या साक्ष्य अधिनियमात सात वर्षे वार्ता न लागलेल्याला मृत मानण्याचे अनुमान घातले, आणि २०२३ च्या नव्या अधिनियमातही ते राखले. जो डोळ्यांपुढे आहे त्याच्यासाठी पुतळा करता येत नाही आणि वर्षेही मोजता येत नाहीत.

आता काव्यशास्त्राकडे वळावे. भरताने करुण आणि विप्रलंभ ह्यांतील भेद सांगताना करुण हा निरपेक्ष व विप्रलंभ हा सापेक्ष असे म्हटले आहे. ज्यात पुन्हा भेटीची आशा उरलेली नाही तो करुण. जीत आशा आहे अशी ताटातूट म्हणजे विप्रलंभ. मराठीत रसचर्चा पुष्कळ झाली. न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे साहित्य संमेलनात सविकल्प समाधीची उपपत्ती मांडली, के. ना. वाटवे यांचा ‘रसविमर्श’ १९४२ साली निघाला. ह्या चर्चेचा ओढा मुख्यतः एका प्रश्नाकडे राहिला: दुःखाच्या चित्रणापासून वाचकाला आनंद का व्हावा. निरपेक्ष आणि सापेक्ष ह्यांच्या मधली जी जागा आहे तिच्याकडे जावयाची निकड त्या चर्चेला भासली नाही. मेंदूच्या दुखापतीचा शोक नेमका त्या जागेत उभा असतो. पूर्ण आशा नाही म्हणून तो विप्रलंभ नव्हे. आशा पूर्ण सुटतही नाही म्हणून तो करुण नव्हे. वैद्याने ‘सहा महिने थांबा’ म्हटले की अपेक्षा उभी राहते. सहा महिने लोटले की ती पडते. एखाद्या सकाळी रोगी नाव घेऊन हाक मारतो आणि ती पुन्हा उठते.

संस्कृत आचार्यांना ही मधली जागा अगदीच अपरिचित नव्हती. करुणविप्रलंभ नावाचा एक प्रकार त्यांनी कल्पिला आणि त्याचे उदाहरण म्हणून बाणाची ‘कादंबरी’ पुढे केली. चंद्रापीडाचे प्राण जातात. सहगमनास सिद्ध झालेल्या कादंबरीला आकाशवाणी सांगते की, हा देह नासणार नाही, शापान्तापर्यंत तो जतन कर. आणि ती त्या अचेतन देहाची शुश्रूषा करीत बसते. जिच्या नावावरून मराठीने एका संपूर्ण वाङ्मयप्रकाराला नाव दिले, ती नायिका श्वासहीन देहाजवळ बसून राहिलेली परिचारिका आहे, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. अर्थात बाणाला शाप होता आणि शापाला अंत होता. रुग्णालयाच्या कक्षात आकाशवाणी होत नाही. गोविंदाग्रजांच्या ‘राजहंस माझा निजला’ ह्या प्रसिद्ध कवितेत माता मृत बालकाला निजलेले समजते. तो भ्रम आहे हे वाचकाला ठाऊक असते, म्हणून तेथे करुण निर्वेध आहे. दीर्घकाळ बेशुद्ध असलेल्याच्या उशाशी बसलेल्या आईचा तोच भाव भ्रम आहे की नाही, हे वैद्यालाही पुष्कळदा सांगता येत नाही.

पाश्चात्त्य मानसशास्त्राने ह्या बाबतीत जी परिभाषा दिली तिचा परामर्श थोडक्यात घेणे पुरे. फ्रॉइड यांच्या १९१७ च्या निबंधातील शोककार्याची कल्पना गेलेल्या विषयापासून मन सोडवून घेण्यावर उभी आहे. विषय गेलेलाच नसेल तर सोडवावयाचे काय, हा प्रश्न राहतो. क्यूब्लर-रॉस यांच्या १९६९ च्या पुस्तकातील पाच अवस्था मरणोन्मुख रोग्यांच्या मुलाखतींवरून ठरविल्या होत्या. त्या मागे राहिलेल्यांना आणि मग मेंदूच्या रोग्यांच्या कुटुंबांना लावण्यात आल्या, हा केवळ सोयीचा भाग होय. पॉलिन बॉस यांनी अधिक जवळचा विचार केला. देहाने दूर पण मनात हजर, आणि देहाने हजर पण मनाने दूर, असे हानीचे दोन प्रकार त्यांनी वेगळे केले. त्यांचा ग्रंथ १९९९ चा. त्यांच्या संज्ञेसाठी मराठीत ‘संदिग्ध हानी’ असा शब्द करण्याचा मोह होतो. तो करू नये. ‘संदिग्ध’ म्हटले की हानी झाली की नाही ह्याविषयीच शंका आहे असे वाटते, आणि ‘हानी’ला व्यापारी हिशेबाचा वास आहे. मराठीत ‘असून नसल्यासारखा’ हा प्रयोग तयार आहे. त्याची घडण पाहावी. ‘असून’ हे अव्यय विरोध सूचित करते, ‘नसल्या’त नकार आहे, आणि ‘-सारखा’ त्या नकाराला पुरते खरे होऊ देत नाही. ‘असून नसलेला’ असे कोणी म्हणत नाही. विद्वानांना जे परिच्छेदात सांगावे लागले ते भाषेने एका प्रत्ययात सांगितले आहे. ‘असून अडचण नसून खोळंबा’ ही म्हण ह्याच पदांची, पण तिच्यातून माया निघून गेलेली आहे. थकलेले घर पहिल्या प्रयोगाकडून दुसऱ्याकडे केव्हा सरकते, हे पाहण्याजोगे आहे.

मराठी ललितकृतींत हा विषय सर्वांत लोकप्रिय झाला तो १९९१ च्या ‘चौकट राजा’ ह्या चित्रपटात. संजय सूरकर यांनी दिग्दर्शित केलेल्या ह्या चित्रपटातील नंदू बालपणी खेळताना झालेल्या अपघाताने मतिमंद झालेला आहे. बालमैत्रीण मीनल मोठेपणी, संसारात रमलेली असताना, त्याला पुन्हा भेटते आणि तो तिला तिच्या बालपणीच्या नावाने ओळखतो. दिलीप प्रभावळकर यांची नंदूची भूमिका गाजली व ती त्या लौकिकास पात्र आहे. शरीराचा तोल, मान, नजर ह्यांत त्यांनी जे अवधान ठेवले ते कौतुकाच्या पलीकडचे आहे. तथापि कथेने शोकाची वाटणी कशी केली हे तपासले पाहिजे. शोकाचा मोठा वाटा मीनलला मिळतो, आणि तो मुख्यतः अपराधभावाच्या रूपाने. ज्या आईने, सुलभा देशपांडे यांनी उभ्या केलेल्या त्या बाईने, हे सारे आयुष्य वाहिले, तिचा शोक कथेला जणू पार्श्वभूमी म्हणून पुरतो. अपराधभावाला प्रायश्चित्त असते, म्हणून तो नाट्याला सोयीचा. आईच्या दुःखाला घटना नाही, केवळ दिवस आहेत. आणि दिवस दाखविणे कोणत्याही कथनाला अवघड असते. नंदूच्या भाषेविषयीही एक सांगावेसे वाटते. तो बालभाषा बोलतो, आणि त्याची इजा बालपणीची असल्याने कथेत ते खपते. परंतु ह्या यशामुळे मेंदूची दुखापत म्हणजे बालपणाकडे परतणे, अशी एक समजूत प्रेक्षकांत रुजण्याचा संभव आहे. प्रौढ माणूस दुखापतीने मूल होत नाही. त्याची वाक्ये तुटतात, शब्द सापडत नाहीत, पण चाळीस वर्षांचा संसार, मानापमान आणि लाज त्याच्यापाशी असतात. रोमान याकोबसन यांनीही १९४१ साली वाचाघात हा बालकाच्या भाषार्जनाचा उलटा क्रम होय असे मांडले होते. पुढील संशोधनाने ते त्या सरळ रूपात मान्य केले नाही. शास्त्रज्ञ आणि पटकथाकार एकाच मोहात पडले, ही गोष्ट गंमतीची आहे.

वस्तुस्थितीतील सर्वांत मोठे उदाहरण मुंबईचे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच अत्याचार झाला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्या त्याच रुग्णालयात होत्या आणि परिचारिकांच्या एकामागून एक आलेल्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. हरकिसन मेहता यांची गुजराती कादंबरी ‘जड चेतन’ १९८५ ची. दत्तकुमार देसाई यांचे मराठी नाटक ‘कथा अरुणाची’ १९९४-९५ च्या सुमारास लिहिले गेले व २००२ साली विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. पिंकी विराणी यांचे इंग्रजी पुस्तक १९९८ चे. तीन कृतींच्या नावांतच तीन भूमिका आहेत. मराठी व इंग्रजी नावांत अरुणा आहे आणि ‘कथा’ आहे. गुजराती नावात व्यक्ती नाही, केवळ तत्त्वज्ञानातील एक द्वंद्व आहे. कथा म्हटली की आरंभ, मध्य व अंत हवा. येथे आरंभ एका रात्रीत झाला, अंत एकेचाळीस वर्षे आला नाही. आणि जो खरा विषय, तो मध्य, कोणत्याही लेखकाच्या हाती नीट लागत नाही. हल्ल्याची रात्र रंगविता येते. दररोज अंग पुसणे, कूस बदलणे आणि भरविणे, आणि एवढ्या वर्षांत शय्याव्रण होऊ न देणे, ह्याला कथानक नाही. कादंबरीने चंद्रापीडाच्या देहाजवळ केले ते हेच. बाणाच्या ग्रंथातही ते दिवस शापान्ताच्या वाटेवरचेच आहेत.

शोकावर अधिकार कोणाचा, हा प्रश्न ह्या प्रकरणात अखेर सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, जरी त्या शब्दांत नव्हे. विराणी यांनी अरुणा यांच्या वतीने अन्न थांबविण्याची अनुज्ञा मागितली होती. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने विशिष्ट अटींवर, उच्च न्यायालयाच्या संमतीने, जीवनाधार काढून घेण्याचे तत्त्व मान्य केले. पण ह्या प्रकरणी याचिका फेटाळली, कारण रुग्णाची ‘वादमित्र’ विराणी नसून रुग्णालयाचा सेवकवर्ग आहे, असे ठरविले. पुढे त्यांचे मत बदलले तर त्यांनी उच्च न्यायालयाकडे जावे, असेही सांगितले. वादमित्र हा रुक्ष कायदेशीर शब्द आहे. ज्याला स्वतः वाद घालता येत नाही त्याच्या वतीने उभा राहणारा, एवढाच त्याचा अर्थ. परंतु ह्या निकालात त्याला शोकाधिकाऱ्याचा अर्थ आला. रक्ताचे नाते नाही, विवाहाचे नाही, लेखिकेच्या सहानुभूतीचेही नाही. रोज जिने हात लावला तिचे नाते खरे, असा तो निर्णय आहे. पुढे अंत्यसंस्कारातही परिचारिका व कर्मचारी पुढे होते. विराणी यांच्या भूमिकेतही शोक होता, आणि तो कमी प्रामाणिक होता असे म्हणण्यास आधार नाही. हे दोन शोक एकाच देहाविषयी परस्परविरुद्ध मागण्या करीत होते. त्या काळी मराठी वृत्तपत्रांनी ह्या चर्चेला ‘इच्छामरण’ हा शब्द सर्रास लावला. भीष्माला इच्छामरण होते कारण भीष्माला इच्छा सांगता येत होती. जिची इच्छा जाणण्याचा मार्गच बंद आहे तिच्या बाबतीत हा शब्द वापरणे म्हणजे वादाचा निकाल शब्दातच लावून टाकणे होय. ‘दयामरण’ हा त्या मानाने प्रामाणिक शब्द. दया कोणाची, हा प्रश्न तो निदान उघडा ठेवतो.

आतापर्यंतचे विवेचन आप्तांच्या शोकाचे झाले. दुखापत झालेल्याच्या स्वतःच्या शोकाकडे पाहिले म्हणजे रसशास्त्राची आणखी एक कोंडी दिसते. अश्रू हा भरताने सात्त्विक भावांत गणला आहे. तो आतील भावाचा पुरावा. मेंदूच्या काही आघातांनंतर रोग्याला दुःखावाचून रडू येते. कोणी सहज विचारपूस केली तरी डोळे वाहू लागतात, आणि विचारले तर दुःख होत नाही असे तो खुणेने सांगतो. येथे अनुभाव आहे आणि भाव नाही. ह्याच्या उलट, काही रोग्यांना आपला हात चालत नाही किंवा आपली स्मृती गेली ह्याची जाणीवच नसते. बाबिन्स्की यांनी ह्या अवस्थेला १९१४ साली नाव दिले. तेथे हानी आहे आणि शोक नाही, आणि त्याच्या वाट्याचा शोकही घरच्यांनाच करावा लागतो. रडण्यावरून दुःख मोजणारे आप्त ह्या दोन्ही ठिकाणी फसतात. पहिल्याची कीव करून थकतात, दुसऱ्यावर संतापतात.

वाणी गेलेल्याला विलाप शक्यच नाही काय? ब्रोका यांनी १८६१ साली वर्णिलेल्या रोग्याला एकच निरर्थक अक्षरसमूह उच्चारता येई; रागाच्या भरात मात्र त्याच्या तोंडून शपथही निघे. ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी ह्यावरून विधान करणारी भाषा आणि भावनेची भाषा असा भेद केला: पहिली गेली तरी दुसरी पुष्कळदा मागे राहते. वाक्य जुळविता न येणारा मराठी माणूस ‘आई गं’, ‘देवा’, ‘अरे राम’ एवढे स्वच्छ म्हणू शकतो, ते ह्यामुळेच. व्याकरणकारांनी केवलप्रयोगी अव्यये म्हणून शेवटच्या प्रकरणात ढकललेले हे शब्द भाषेच्या पडझडीत सर्वांत शेवटी पडतात. बाकी आलाप संपला तरी एवढा विलाप उरतो.

आणि क्वचित त्याहून पुष्कळ अधिक उरते. झासेत्स्की नावाचा सोव्हिएत सैनिक १९४३ साली डोक्यात गोळी लागून जखमी झाला. लुरिया यांनी त्याचे वृत्त १९७१ साली प्रसिद्ध केले. जुन्या शुद्धलेखनात ‘वांचणे’ म्हणजे जगणे व ‘वाचणे’ म्हणजे पठण करणे ही दोन क्रियापदे अनुस्वाराने वेगळी दाखवीत. १९६२ च्या नियमांनी तो अनुस्वार गेला आणि दोन्ही एक झाली. झासेत्स्की वांचला, पण त्याला वाचता येईना. अक्षरे ओळखू येत ना, उजवी बाजू दिसत नसे, लिहिलेले पुन्हा वाचताना धागा तुटे. तरीही तो सुमारे पंचवीस वर्षे लिहीत राहिला. कित्येक दिवशी चार-दोन ओळींपलीकडे मजल जात नसे, पण सारे मिळून तीन हजारांच्या घरात पाने झाली. आपण पूर्वी कोण होतो हे त्याला ठाऊक होते. ते गेले हेही ठाऊक होते. ह्या दुहेरी जाणिवेत त्याचा शोक आहे, आणि लेखन हीच त्याची शोक वाहण्याची रीत होती. लुरिया यांनी मध्ये मध्ये विवरण घातले असले तरी ग्रंथाचा गाभा रोग्याच्याच शब्दांचा आहे. आपल्याकडील तिन्ही अरुणाकथा दुसऱ्यांनी रचलेल्या. ते तेथे अटळ होते. पण जेथे रोगी बोलू शकतो तेथेही आप्त आणि वैद्यच बोलत राहतात, हे अटळ नाही.

झासेत्स्कीला ‘वडिलांचा भाऊ’ आणि ‘भावाचे वडील’ ह्यांतील भेद उमगत नसे. शब्द दोन्हीकडे तेच, विभक्तीने बांधलेला संबंध तेवढा उलटा. तो संबंधच त्याच्या मनात जुळत नसे. ही कसोटी मराठीत जशीच्या तशी लावता येणार नाही. ‘वडिलांचा भाऊ’ असे मराठी माणूस बोलतच नाही; तो काका किंवा चुलता म्हणतो, मामा, आत्या, मावशी, दीर, नणंद, जाऊ, व्याही म्हणतो. जो संबंध रशियन भाषेत व्याकरणाने बांधावा लागतो तो येथे पुष्कळसा शब्दकोशातच बांधून ठेवलेला आहे. मराठी रोग्यासाठी कसोटी तयार करावयाची तर ती ‘चुलत्याची सून’ आणि ‘सुनेचा चुलता’ अशा जोड्यांवर उभारावी लागेल, आणि ह्या जोड्या कोड्यांसारख्या न वाटता रोजच्या बोलण्यातल्या वाटतील ह्याची खबरदारी घ्यावी लागेल. तिच्यात नापास झालेला माणूस दारात काका आलेले पाहून ‘काका’ म्हणू शकतो की नाही, हे स्वतंत्रपणे नोंदवावे. घरच्या माणसांना त्याच उत्तराची वाट असते.